न विचारलेला सहदेव

पाच पांडवांची नावे घेण्याचा जो क्रम आपल्या तोंडी बसला आहे, त्यात सहदेव शेवटी येतो. धर्म, भीम, अर्जुन, आणि मग एका श्वासात नकुल-सहदेव. जोडशब्दातील दुसरा शब्द होऊन राहणे हेच ज्याचे प्राक्तन, त्याच्याविषयी कोणी स्वतंत्रपणे लिहावे असे सहसा घडत नाही. इरावतीबाई कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये गांधारी, कुंती, विदुर, द्रौपदी, कर्ण यांना आपापली प्रकरणे मिळाली, सहदेवाला मिळाले नाही. शिवाजी सावंतांनी कर्णाला घराघरांत नेले. भैरप्पांची ‘पर्व’ ही कानडी कादंबरी जन्माने बेळगावच्या असलेल्या उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणली आणि आपल्याकडे ती आवडीने वाचली गेली. सहदेवाच्या वाट्याला तेथेही फारसे काही येत नाही. यक्षप्रश्नाच्या कथेत तर भावंडांपैकी एकालाच जिवंत करीन असे यक्ष म्हणतो तेव्हा धर्मराज माद्रीचा मुलगा म्हणून नकुलाचे नाव घेतो. युक्तिवाद रास्तच आहे. पण माद्रीला दोन मुलगे होते आणि निवड करण्याची वेळ आली तेव्हाही सहदेव दुसराच राहिला, ही गोष्ट मनात राहते.

लोकांनी मात्र त्याला टाकलेले नाही. आपल्या भागात जत्रेच्या वाटेवर गोणपाट अंथरून जी पोथ्या-पुस्तके विकायला मांडतात, त्यांत व्रतकथा आणि आरत्यांच्या संग्रहाशेजारी ‘सहदेव-भाडळी’ हे चोपडे असायचेच. कोणत्या नक्षत्रावर पाऊस कसा पडेल, वारा कोणत्या दिशेने वाहिला म्हणजे काय समजावे, कावळ्याने घरटे कोठे बांधले, टिटवीने अंडी कोठे घातली, अशा गोष्टींवरून वर्षाचा अंदाज बांधण्याचे हे शास्त्र. उत्तरेत जसे घाघ आणि भड्डरी, तसे आपल्याकडे सहदेव आणि भाडळी. हा सहदेव ज्योतिषी खरे पाहता कोणी निराळाच. भाडळीला कोणी त्याची पत्नी म्हणतो, कोणी कन्या म्हणतो. परंतु खेड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारावे तर ते छातीठोकपणे सांगणार की, हा पांडवांतलाच सहदेव. पंडूच्या धाकट्या मुलाला भूत, भविष्य, वर्तमान सारे कळत होते याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नसते.

ते कसे कळू लागले, त्याचीही कथा आहे. मरतेवेळी पंडूने मुलांना सांगून ठेवले की, माझे ज्ञान तुम्हांस हवे असेल तर माझ्या देहाचा अंश भक्षण करा. इतर चौघांच्याने ते झाले नाही. धाकट्याने एक कण तोंडात टाकला आणि त्याला त्रिकालज्ञान झाले. पुढे श्रीकृष्णाने हे ओळखले आणि त्याच्यावर अट घातली की, कोणी विचारल्याशिवाय काही सांगायचे नाही. सांगशील तर मस्तकाची शकले होतील. दक्षिणेकडे तर असेही सांगतात की, युद्धाचा मुहूर्त काढून घ्यायला दुर्योधन सहदेवाकडेच आला आणि विचारल्यावर खरे सांगणे भाग म्हणून सहदेवाने शत्रूलाही अचूक मुहूर्त काढून दिला. ही समजूत मराठीत आहे, कानडीत आहे, त्यापुढे तमिळ मुलखातही आहे. सीमेचा वाद तिला कधी आडवा आला नाही.

मला या कथेतील अटीचे नेहमी नवल वाटत आले आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची संशोधित आवृत्ती चाळली तर हे देहभक्षण, ही अट, हा मुहूर्त यांतले काहीही तीत सापडत नाही. मग लोकांना ही अट का लागली? उत्तर सोपे आहे. ज्याला सारे कळत होते तो द्यूताच्या आधी ‘खेळू नका’ असे का म्हणाला नाही, लाक्षागृहाच्या आधी का बोलला नाही, असा प्रश्न ऐकणारे पोरही विचारते. त्या पोराला गप्प करण्यासाठी कोणीतरी श्रीकृष्णाला मध्ये आणले. जाणत्याचे मौन हा दोष न राहता आज्ञापालन झाले, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या शहाण्यासुरत्या माणसांना एक फार सोयीचे दैवत मिळाले. या कथेवर माझा आक्षेप आहे तो एवढ्यासाठीच. व्यासांचा सहदेव असा नाही.

तो लाजाळू आहे, यात मात्र संशय नाही. विराटपर्वात कीचकाच्या छळाने गांजलेली द्रौपदी रात्री पाकशाळेत भीमाकडे जाते आणि एकेका पांडवाची दुर्दशा सांगत रडते. सहदेवापाशी आली की तिचा स्वर पालटतो. वनवासाला निघताना कुंतीने या मुलाला आपल्या हवाली कसे केले, तो लाजरा आहे, गोड बोलणारा आहे, माझा फार लाडका आहे, रानात रात्रीबेरात्री त्याच्याकडे लक्ष ठेव असे कसे बजावले, ते ती आठवते. आणि आता तो गुरांमागे हिंडतो व रात्री वासराच्या कातड्यावर निजतो हे पाहून आपल्याला जगवत नाही, असे म्हणते. भीमाविषयी किंवा अर्जुनाविषयी असे कोणी कोणाला सांगितले नसते. वयात आलेल्या, शस्त्र चालवणाऱ्या पुरुषाला रात्री कोणी पाहावे लागते, हे सांगणारी आई आणि ते मनात धरून ठेवणारी पत्नी, असे हे चित्र आहे. माद्री सती गेली तेव्हा हा मुलगा अगदी लहान होता हे ध्यानात घेतले म्हणजे कुंतीच्या त्या सांगण्याचा अर्थ अधिक कळतो.

विराटाच्या दरबारात त्याने जी चाकरी मागितली तीही त्याच्या स्वभावाला धरूनच. नकुल घोड्यांकडे गेला, सहदेव गाईंकडे. आपण पूर्वी युधिष्ठिराच्या गोधनाची मोजदाद ठेवीत होतो, असे तो सांगतो. गाईंची संख्या, त्यांचे रोग, त्यांची लक्षणे. ज्याच्या मूत्राच्या नुसत्या वासाने वांझ गाय फळते असा बैल कोणता, तेही आपण जाणतो, असे तो राजाला ऐकवतो. हे ज्ञान तलवारीचे नव्हे, नोंदवहीचे आहे. शासनाच्या सेवेत हयात घालवलेल्या मनुष्याला ही ओळख वाचून थोडा आनंद झाला तर वाचकांनी हसू नये.

परंतु याहून मौजेचा भाग सभापर्वात आहे, आणि तो थेट आपल्या दारातून जातो. राजसूय यज्ञासाठी चौघे भाऊ चार दिशा जिंकायला निघाले, तेव्हा दक्षिण दिशा सहदेवाकडे आली. ज्याला रात्री जपावे लागते त्याला आईने नव्हे, थोरल्या भावाने पाठवले, म्हणून हे घडले असावे! किष्किंधेला, म्हणजे परंपरेने आपण जिला हंपीजवळची आनेगुंदी मानतो तेथे, मैंद आणि द्विविद या वानरांशी तो सात दिवस लढतो. शेवटी ते थकत नाहीत, पण प्रसन्न होऊन रत्ने देऊन त्याला वाटेला लावतात. माहिष्मतीला तर विलक्षण प्रसंग आहे. तेथील नील राजाच्या पाठीशी प्रत्यक्ष अग्नी उभा असतो. सहदेवाच्या सैन्याला चहूकडून ज्वाळा वेढतात, हत्ती-घोडे होरपळू लागतात. अशा वेळी हा सेनापती काय करतो? पळत नाही, आणि बाणही सोडत नाही. आचमन करून, जमिनीवर दर्भ पसरून सैन्याच्या पुढे बसतो आणि अग्नीची स्तुती म्हणू लागतो. ज्या यज्ञासाठी मी निघालो तो तुझाच आहे, त्याला विघ्न करू नकोस, असे त्याचे म्हणणे असते. अग्नी मागे सरतो. पाठांतराने लढाई जिंकल्याचे दुसरे उदाहरण मला आपल्या पुराणांत चटकन आठवत नाही.

त्यानंतर गावांची एक लांबलचक यादी येते. तीत शूर्पारक म्हणजे सोपारे आहे आणि करहाटक म्हणजे आपले कऱ्हाड आहे. येथून निघून संकेश्वर, निपाणी, कोल्हापूर करीत आपण ज्या कऱ्हाडला लग्नकार्यासाठी जातो तेच ते. व्यास सांगतात की, यांतील कितीतरी राज्ये सहदेवाने केवळ दूत पाठवून वश केली आणि त्यांच्याकडून कर घेतला. सेना नाही, वेढा नाही. खलिता गेला आणि करभार आला. याच यादीतील एका श्लोकाने एकेकाळी विद्वानांची मोठी करमणूक केली. हस्तलिखितांतून भ्रष्ट होऊन आलेले त्यातले शब्द सभापर्वाचे संपादक, अमेरिकन पंडित फ्रँकलिन एजर्टन यांनी पाठभेद ताडून नीट लावले, तेव्हा ती नावे ‘अन्ताखी’ आणि ‘रोमा’ अशी निघाली. म्हणजे अँटिऑक आणि रोम. १९३८ साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि १९४४ साली त्यांचे सभापर्व प्रसिद्ध झाले. अर्थात हा श्लोक ग्रीक-रोमन व्यापार आपल्या किनाऱ्याला लागल्यानंतरच्या काळातला, हे उघड आहे. पण तो रचणाऱ्याला रोम जिंकायला अर्जुन का सुचला नाही, भीम का सुचला नाही? ज्या कवीने रोमला पत्र पाठवायचे ठरवले, त्याला पत्र लिहिणारा पांडव कोण, हे पक्के ठाऊक होते.

येथवरचा सहदेव मऊ आहे. यज्ञ सुरू होतो आणि एकाएकी निराळाच सहदेव दिसतो. अग्रपूजेचा मान कोणाला द्यावा, असे युधिष्ठिर विचारतो. भीष्म श्रीकृष्णाचे नाव घेतात. अर्घ्य सहदेव देतो. शिशुपाल उसळतो, राजेमंडळी कुजबुजू लागते, यज्ञ मोडतो की काय अशी वेळ येते. तेव्हा भरसभेत हा लाजरा मुलगा उभा राहतो आणि सांगतो की, केशवाची पूजा ज्यांना सहन होत नसेल त्या सर्व बलवानांच्या मस्तकावर मी हा पाय ठेवतो. ज्याला उत्तर द्यायचे असेल त्याने द्यावे. नुसते बोलत नाही, पाय उचलून दाखवतो. त्या मानी राजांत एकही तोंड उघडत नाही, आणि सहदेवाच्या डोक्यावर आकाशातून फुले पडतात. येथे कोणी त्याला विचारले होते? कोणीही नाही. लोककथेच्या हिशेबाने त्याच क्षणी त्याच्या मस्तकाची शकले व्हायला हवी होती. व्यासांनी त्यावर फुले टाकली.

आता द्यूतसभा. सहदेवाच्या चाहत्याला हा भाग टाळता येणार नाही. युधिष्ठिर एकेक भाऊ पणाला लावतो तेव्हा प्रत्येकाचे वर्णन करतो, आणि सहदेवाविषयी म्हणतो की, हा धर्म शिकवणारा, जगात पंडित म्हणून नाव झालेला. पणाला लावण्यास योग्य नाही, तरी लावतो. ज्याची पंडित म्हणून ख्याती आहे त्याने येथे तोंड उघडावे, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. द्रौपदीला ओढीत आणतात. भीम संतापून थोरल्या भावाचे हात जाळायला निघतो आणि सहदेवालाच आगीसाठी हाक मारतो. अर्जुन भीमाला आवरतो. सहदेव आग आणायला उठला की बसून राहिला, व्यास सांगत नाहीत. द्रौपदीच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे धाडस त्या सभेत विदुराखेरीज केले ते दुर्योधनाच्या धाकट्या भावाने, विकर्णाने. धर्म शिकवणाऱ्या पांडवाने नव्हे.

मग सहदेव बोलतो, पण उशिरा. शकुनीला मारण्याची प्रतिज्ञा करतो. आणि वनवासाला निघताना काय घडते ते पाहण्यासारखे आहे. पांडव कसे चालले आहेत, असे आंधळा धृतराष्ट्र विदुराला विचारतो. विदुर सांगतो: युधिष्ठिराने तोंड झाकून घेतले आहे, भीम आपले बाहू पाहत आहे, अर्जुन वाळू उधळीत चालला आहे, आणि सहदेवाने तोंडाला माखून घेतले आहे. का? तर आज माझे तोंड कोणाला ओळखू येऊ नये म्हणून. ही ओळ मला सबंध सभापर्वात सर्वांत दुखरी वाटते. इतरांच्या हावभावांत पुढे करायच्या युद्धाची खूण आहे. याच्यात लाज आहे. जाणत असून बोललो नाही, याची लाज कशी असते ते व्यासांना माहीत होते. त्यांनी तिला शापाची किंवा आज्ञेची झूल घातली नाही.

मला हा सारा विषय पुस्तकातून नव्हे, तर एका कचेरीतून आठवू लागला. १९८५ च्या सुमारास मी ज्या एका कचेरीत बदलून गेलो, तेथे दफ्तरखान्यात निवृत्तीला आलेले एक कारकून होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. मुंबई राज्याच्या अमदानीत, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी, नोकरीला लागलेले. मराठी उत्तम, इंग्रजी कामापुरते चोख, आणि मोडी तर छापील पुस्तकासारखे वाचणारे. पुढे कचेरीची भाषा पालटली. कानडी त्यांना बाजारात बोलता येई, टिपणी लिहिताना मात्र अडखळायचे. लिहिलेली टिपणी साहेबाने मोठ्याने वाचून दाखवली आणि सगळी कचेरी हसली, असे एक-दोनदा झाल्यावर त्यांनी लिहिणे सोडले आणि हळूहळू बोलणेही. गठ्ठे बांधायचे, मागितला तो कागद आणून द्यायचा, एवढेच काम राहिले.

मी रुजू होण्यापूर्वी त्या कचेरीत दोन भावांच्या जमिनीचे एक प्रकरण निकालात निघाले होते. थोरला हयात, धाकट्याची विधवा समोर. वाटणीचा जुना कागद मोडीत होता. ‘मजकूर वाचता येत नाही’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवला गेला आणि निर्णय त्या बाईंच्या विरुद्ध गेला. पुढे अपिलात तो कागद पुन्हा वर आला. मी तो सहज अण्णांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला आणि उभ्या उभ्या वाचून टाकला. चार ओळींत वाटणी स्पष्ट होती. मी विचारले, “अण्णा, हा कागद तुम्ही त्या वेळी पाहिला नव्हता?” म्हणाले, “पाहिला की. मीच काढून दिला होता गठ्ठ्यातून.” “मग तेव्हाच का नाही सांगितलं?” त्यांनी कागदाची घडी जुन्याच मोडीवर नीट घातली आणि आपल्या बेळगावी मराठीत शांतपणे म्हणाले, “मला कोण विचारलंय, साहेब?”

त्या बाईंना जमीन मिळाली, पण मध्ये दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत त्या दुसऱ्याच्या शेतात तंबाखूच्या खुडणीला मजुरीने जात होत्या. अण्णांना मी दोष देऊ शकत नाही आणि पुरते सोडूही शकत नाही. ज्याची भाषाच कचेरीने काढून घेतली त्याने कोणत्या भाषेत पुढे होऊन सांगावे, हा प्रश्न या भागातील जुन्या घरांना नवा नाही. आपल्यापैकी कितीकांचे वडील, चुलते असेच शेवटची दहा-वीस वर्षे गप्प राहून निवृत्त झाले. त्यांच्या मौनात अपमान होता, थकवा होता. पण पुढे पुढे त्यात आणखीही काही मिसळत गेले: आम्हांला येते ते यांना येत नाही, आणि आम्ही सांगणारही नाही, अशी एक आतली, कोणाला न दिसणारी मिजास. अण्णांनी घडी घातली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला ती क्षणभर दिसली. आणि लोककथेतला तो विचारल्याशिवाय न बोलणारा सहदेव मला त्या दिवसापासून खटकू लागला.

हल्लीची मुले ज्या इंग्रजी कथा वाचतात त्यांतही अशी पात्रे असतात. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही प्रचंड कादंबरीमाला १९९६ मध्ये सुरू झाली. तिचा पाचवा खंड २०११ मध्ये निघाला, आणि तिच्यावरची दूरचित्रवाणी मालिका २०११ ते २०१९ या काळात जगभर पाहिली गेली. राजे, वारसा, सूड, कुलक्षय असा सारा महाभारती मसाला तीत आहे. तीत सॅमवेल टार्ली नावाचा एक स्थूल, भित्रा, पुस्तकांत रमणारा मुलगा आहे. योद्धा बापाला असा वारस नको. जिवाची धमकी देऊन तो मुलाला उत्तरेकडील बर्फाच्या भिंतीवर पहारेकरी म्हणून धाडतो. तेथे तो एका आंधळ्या वृद्ध पंडिताच्या हाताखाली जुनी बाडे चाळू लागतो. आपण भित्रे आहोत, असे हा मुलगा येता-जाता स्वतःच सांगत असतो, आणि तरीही भिंतीपलीकडच्या हिमराक्षसांपैकी एकाला मारण्याचे काम त्याच्याच थरथरत्या हातून होते. मला त्याच्यात आवडले ते मात्र दुसरेच. त्याला बाडात जे सापडते ते तो लगेच कोणालातरी जाऊन सांगतो. समोरचा हसतो, वैतागतो, हाकलून देतो. हा अडखळत का होईना, वाक्य पुरे करतो. त्याला कोणीही विचारलेले नसते.

व्यासांचा सहदेव याच जातीचा होता, हे उद्योगपर्वात कळते. श्रीकृष्ण शिष्टाईला निघतो तेव्हा पांडव आपापले मत सांगतात. सगळ्यांचा सूर शमाचा. भीमसुद्धा इतका मवाळ बोलतो की कृष्णाला त्याची थट्टा करावी लागते. मग सहदेवाची पाळी येते, आणि तो सांगतो की, दादा म्हणाले तो धर्म असेल, पण तू मात्र युद्ध होईल असेच कर. कौरवांना समेट हवा असला तरीही युद्धच घडवून आण. सभेत द्रौपदीची ती अवस्था पाहिल्यावर दुर्योधनाच्या वधाखेरीज माझा राग कसा शमेल? भीमार्जुन आणि धर्मराज धर्माला धरून बसले तर मी धर्म सोडून लढेन. सात्यकी त्याच्या बाजूने उभा राहतो आणि योद्ध्यांत गर्जना होते. मुलगा तेरा वर्षांपूर्वी तोंड माखून गेला होता. ते तोंड धुतले गेले ते येथे, असे मला वाटते. त्याचे म्हणणे बरोबर होते की नाही, हा वाद निराळा. त्या म्हणण्याची किंमत अठरा अक्षौहिणींनी मोजली. पण ते बोलायला तो कोणाच्या परवानगीसाठी थांबला नाही. शल्यपर्वात अठराव्या दिवशी आधी उलूक आणि मग त्याचा बाप शकुनी, दोघेही सहदेवाच्या हातून पडतात, आणि मारण्यापूर्वी तो शकुनीला फाशांची आठवण करून देतो.

युद्धानंतर युधिष्ठिराने कामे वाटून दिली ती यादीही शांतिपर्वात आहे. भीम युवराज, विदुराकडे मसलत, संजयाकडे जमाखर्च, नकुलाकडे सैन्याची गणती आणि वेतन. सहदेवाला खाते दिले नाही; त्याने नेहमी राजाच्या जवळ राहावे आणि त्याला सांभाळावे, एवढीच आज्ञा झाली. आजच्या भाषेत स्वीय सचिव. सारे पाहणारा, सारे ऐकणारा आणि कोणत्याही आदेशावर सही नसलेला. पुढच्या छत्तीस वर्षांत तो काय बोलला याविषयी व्यास जवळजवळ गप्प आहेत.

आणि मग महाप्रस्थान. द्रौपदीच्या मागोमाग पडतो तो सहदेव. भीम विचारतो की, आपणा सर्वांची निरहंकारपणे सेवा करणारा हा, हा का पडला? युधिष्ठिर उत्तर देतो की, आपल्यासारखा शहाणा दुसरा कोणी नाही असे याला वाटत असे. उत्तर देऊन तो चालू लागतो. या दोन वाक्यांचा मेळ घालण्यात टीकाकारांनी फार शाई खर्च केलेली नाही. मला मात्र दोन्ही भाऊ खरे बोलत आहेत असे वाटते. भीमाने सहदेवाचे वागणे पाहिले होते. युधिष्ठिराने त्याला छत्तीस वर्षे जवळ बसवून घेतले होते, आणि न बोलणाऱ्या शहाण्याच्या डोळ्यांत काय असते ते जवळ बसणाऱ्याला दिसते. अण्णांच्या चेहऱ्यावर मी जे क्षणभर पाहिले ते राजाने रोज पाहिले असेल. तरी राजाने तरी त्याला किती वेळा विचारले, हेही कोणी विचारायला हवे होते. भीमाला ते सुचले नाही, आणि थोड्याच वेळात तोही पडला.

सहदेवाला खरोखर ओळखले होते ते कुंतीने. धृतराष्ट्र-गांधारीबरोबर ती वनात जायला निघाली तेव्हा युधिष्ठिराला तिने ज्या थोड्या गोष्टी बजावल्या त्यांत एक ही की, सहदेवावर कधी रुष्ट होऊ नकोस. पुढे पांडव तिला भेटायला आश्रमात गेले. नदीवरून पाण्याचे घडे घेऊन येणारी वृद्ध माणसे लांबून दिसली तेव्हा सर्वांच्या आधी धावला तो सहदेव. राजा नव्हे, भीम नव्हे. आईच्या पायांना मिठी मारून तो मोठ्याने रडला, आणि ती गांधारीला सांगत राहिली की, सहदेव आला आहे. महिना उलटला, परतण्याचा दिवस आला, तेव्हा सगळे निघाले आणि हा अडून बसला. मला आईला सोडून जाववत नाही, मी येथेच तप करीन, यांचे पाय चेपीन, असे त्याने भरल्या डोळ्यांनी धर्मराजाला सांगितले. तेव्हा तो पोक्त वयाचा होता, घरी मुलेबाळे होती. कुंतीने त्याला पोटाशी धरले आणि म्हणाली की, जा बाळा, तुझ्या मायेने माझे तप ढळेल. आता आमचे थोडेच उरले आहे. तो उठला आणि भावांच्या मागून हस्तिनापुराच्या वाटेला लागला.